जावयाची अदलाबदल

यशवंत, मी तुझा जावई देऊन टाकला. अन्वरभाईंना. हातावर हात मारून, चहा संपायच्या आत.

आपल्या मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं. जन्म, शिक्षण, विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली नोकरी, समाजासाठी केलेली कामं, मागे कोण कोण, अशा क्रमानं. मी हो म्हटलं. पण ते सगळं तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात बोलून झालंय. तू किती सरळ, किती शांत, किती नियमाचा माणूस होतास हे तिथे इतक्या जणांनी सांगितलं की मी एकदा उठून फोटो तुझाच लावलाय ना ते बघून आलो. मला माहीत असलेला यशवंत बिस्किटात लबाडी करायचा.

आता हे वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं समजावून सांगतो. तू मध्ये तोंड घालू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

जावई म्हणजे खरा जावई नव्हे. तुझ्या प्राचीचं लग्न अजून व्हायचंय, आणि झालं तरी त्या माणसाची अदलाबदल करायचा अधिकार मला कोणी देणार नाही. जावई म्हणजे आपल्या शहराच्या फुटबॉल क्लबचा राखीव गोलकीपर. नाव मीच ठेवलं होतं. स्वच्छ कपड्यांत येतो, मानानं बसतो, कशाला हात लावत नाही, खाऊनपिऊन स्वच्छ कपड्यांतच परत जातो.

हंगाम संपला की क्लब यादी जाहीर करतो. कोणाला ठेवलं, कोणाला सोडलं, कोणाला दुसऱ्या क्लबाशी अदलाबदलीत दिलं. बाकीचे चाहते त्यावर फोनवरून एकमेकांची डोकी फोडतात. आपण तिघे, म्हणजे तू, मी आणि अफझलगंजात लोखंडी सामानाचं दुकान असलेले अन्वरभाई, त्या आठवड्यात अन्वरभाईंच्या दुकानासमोरच्या इराणी हॉटेलात बसायचो आणि क्लबचे खेळाडू आपसांत वाटून घ्यायचो. पाळीपाळीनं एकेक उचलायचा. जो ज्यानं उचलला, त्याचा तो पालक. मग वर्षभर त्या खेळाडूचं पुण्य पालकाचं आणि पापही पालकाचं. त्यानं गोल मारला तर पालकानं स्टँडमध्ये छाती काढून हिंडायचं. त्यानं चेंडू घालवला तर उरलेल्या दोघांचं ऐकून घ्यायचं, उलट उत्तर द्यायचं नाही. नवा हंगाम सुरू व्हायच्या आधी आपसांत अदलाबदल चालेल, पण एकदा हातावर हात पडला की सौदा फिरत नाही.

पहिली पाळी कोणाची, हे बिस्किट ठरवायचं. तिघांनी एकाच वेळी चहात बुडवायचं. ज्याचं शेवटपर्यंत टिकेल त्याचा पहिला नंबर, ज्याचं आधी तुटून कपात पडेल त्याचा शेवटचा. तू बशीतलं अगदी खालचं, कडक भाजलेलं बिस्किट बोटांनी चाचपून काढायचास आणि चेहरा असा ठेवायचास की परीक्षेचे पेपर मोजतोयस. पहिला नंबर नेहमी तुझा. दुसरा अन्वरभाईंचा. आणि माझं बिस्किट चहाची वाफ लागली तरी मान टाकायचं. बेगम बाजारात तीन पिढ्यांचं मसाल्याचं दुकान आहे माझं. पोत्यात हात घालून हळद कुठली ते सांगतो मी. बिस्किट मात्र मला कधी पारखता आलं नाही.

आपली ओळखही माझ्या पराक्रमातूनच झाली. बेगम बाजारच्या दुकानदारांच्या पोरांचा एक संघ होता आणि तुमच्या विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांचा एक. तू डावा बचावपटू. मी कोण होतो हे मला त्या वेळीही नीट माहीत नव्हतं, जिकडे चेंडू जाईल तिकडे मी धावायचो. तसा धावत धावत मी परत आपल्याच गोलपाशी आलो आणि तुमच्या माणसानं मारलेला, बाहेर जाणारा चेंडू छातीनं आत ढकलला. आणि मग मी स्वतःला शिवी दिली, आमच्या उदगीरकडची, लांबलचक. सगळं मैदान तेलुगू नाही तर उर्दूत ओरडत होतं, आणि तू मात्र हसत माझ्याकडे आलास आणि मराठीत विचारलंस, "शेठ, पुढच्या सामन्यालाही येणार ना? तुमच्यासारखा खेळाडू समोर असला म्हणजे आम्हाला बरं पडतं."

तेव्हापासून मी तुझा शेठ. मी रामराम म्हणायचो, तू जयभीम म्हणायचास, अन्वरभाई सलाम करायचे आणि मग तिघे मिळून रेफरीला शिव्या द्यायचो. इतकी वर्षं हेच केलं आपण. आमच्या घरात विचारलं तर म्हणतील, हेच तिघांनी मन लावून केलेलं काम.

या वाटपात मी केलेले घोटाळे तुला तोंडपाठ होते. एका वर्षी मी एका परदेशी मिडफिल्डरचा व्हिडिओ बघितला. मागे ढोल वाजतायत, हा चार जणांना चकवतोय. मी त्याच्यासाठी आपला चांगला जुना उजवा बचावपटू तुला देऊन टाकला. सामन्याच्या दिवशी गडी मैदानात उतरला आणि तू माझ्या कानाशी येऊन म्हणालास, "शेठ, व्हिडिओतला डावखुरा होता." मी मान्य केलं नाही. मी म्हणालो, थकला असेल. पुढचा सबंध हंगाम तो माणूस थकलेलाच होता आणि तुझा उजवा बचावपटू पळत होता.

पण या सगळ्यात माझी एक गोष्ट बरी होती. आपल्या क्लबचा परदेशी सेंटर फॉरवर्ड, ज्याला आपण पैलवान म्हणायचो, तो दरवर्षी माझ्याकडे यायचा. शेवटचा नंबर असूनही. त्याचं कारण मी सगळ्यांना सांगत फिरायचो: मी वाटपाच्या आधीपासून पैलवान आता संपला, त्याचा गुडघा गेला, असं बोलत राहायचो. तुम्ही दोघे घाबरायचात आणि मी त्याला अलगद उचलायचो. बाजारात याला धंदा म्हणतात, असंही मी तुला सुनवायचो. तू म्हणायचास, "खरंय बाबा, आम्ही नोकरदार माणसं."

आणि तू काय करायचास? पहिला नंबर, सगळा संघ समोर मोकळा, आणि तू उचलायचास जावई. जो मैदानात उतरत नाही तो. दरवर्षी. पहिल्या वर्षी मला वाटलं गंमत करतोयस. दुसऱ्या वर्षी मी कारण विचारलं. तू म्हणालास, "ज्याच्याकडून चूक होत नाही असा तो एकच आहे संघात." नंतरच्या वर्षी म्हणालास, "त्याचे केस बघ, कधी विस्कटत नाहीत, मला केस नाहीत म्हणून आवडतात." एकदा म्हणालास, "आपल्या बाजूच्या स्टँडकडे बघून नमस्कार करणारा दुसरा कोण आहे?" आणि एकदा, जरा चिडून, "शेठ, तुझ्या दुकानात दगडफुलाचं पोतं पडलेलं असतं कोपऱ्यात. कितीजण मागतात? मग का ठेवतोस?" मी म्हणालो, कधीतरी एखादा येतोच मागायला. तू म्हणालास, "झालं तर."

पण मला ते पटलं नव्हतं. दगडफुलासाठी कोणी गल्ल्यावरून उठत नाही. पहिला नंबर म्हणजे पहिला नंबर.

तू दवाखान्यात होतास तेव्हा बातमी पसरली की क्लब पैलवानाला सोडणार आणि त्याच्या बदल्यात दुसऱ्या क्लबाचा एक मिडफिल्डर घेणार, शिवाय डोंगराळ भागातली दोन नवी पोरं. मी तणतणत तुझ्या खाटेपाशी आलो. तुझ्या नाकात नळी होती, आणि मी क्लबच्या मालकाच्या कुळाचा उद्धार करत होतो. तू हातानं थांब म्हणालास.

"पैलवान गेला तर गोल कोण मारणार?" मी विचारलं.

"पैलवानाला चेंडू कोणी द्यायचा?" तू म्हणालास. "गेल्या हंगामात तो उभा राहून राहून वाळला. मिडफिल्डर येतोय ते बरं आहे. चाल मधून सुरू होते."

"लोक मिडफिल्डर बघायला येत नाहीत."

"तुला संघ नकोय, शेठ. तुला पोस्टर पाहिजे." एवढं बोलून तुला धाप लागली. मग जरा वेळानं म्हणालास, "त्या मिडफिल्डरला घे तू. एक हंगाम सवय व्हायला जाईल, मग त्याच्याशिवाय जेवणार नाहीस."

मी विषय बदलायचा म्हणून म्हणालो, "आणि तू या वेळी तरी जावयाला सोड. माणसानं पहिल्या नंबरावर असा राग काढू नये. खरं सांग, का घेतोस त्याला?"

तू म्हणालास, "बस खाली. सांगतो."

मी बसलो. तेवढ्यात वहिनी सूपचा डबा घेऊन आल्या. सूपात मीठ नव्हतं, डॉक्टरांनी बंद केलं होतं, आणि तुला ते नको होतं. मग मी वहिनींच्या बाजूनं तुला दोन शब्द सुनावले, तू मला फितूर म्हणालास, वहिनी हसल्या, आणि जावई राहून गेला. त्याच्यापुढच्या भेटीत तुझ्या तोंडावर मास्क होता. मी क्लबबद्दल काहीतरी बोलत राहिलो. काय बोललो ते आता आठवत नाही. तुझे डोळे मिटलेले होते आणि अंगठा मात्र दोनदा खाली केलास, म्हणजे तुला ऐकू येत होतं आणि पटत नव्हतं. माझ्याजवळचं तुझं शेवटचं मत ते, आणि तेही माझ्या विरुद्धच.

तू गेल्यावर थोड्या दिवसांनी यादी आली. क्लबनं पैलवानाला सोडलं. मिडफिल्डर घेतला. दोन पोरं घेतली. आणि सगळी साफसफाई करून झाल्यावर, ज्याचा कोणी विचारही केला नव्हता, त्या जावयाला ठेवलं. यशवंत, मी दुकानात गिऱ्हाईक समोर असताना ते वाचलं आणि धन्याऐवजी जिरं बांधून दिलं. तू असतास तर काही बोलला नसतास. नुसता समोर बसून चहा पीत राहिला असतास, आणि ते जास्त लागलं असतं.

अन्वरभाईंचा फोन आला. "क्या मियाँ, वाटप करना है कि नक्को?"

मी म्हणालो करू. गेलो. दोघे बसलो. बराच वेळ हवेवर बोललो. मग अन्वरभाईंनी विषय काढला. "देखो, बुरा नक्को मानो. दो जने रह गए. यशवंत भाई का हिस्सा आधा तू ले, आधा मैं. टीम तो पूरी बटनी चाहिए."

ते चुकीचं बोलत नव्हते. पण मला ते सहन होईना. घरातला माणूस गेल्यावर त्याची खोली लगेच भाड्यानं द्यावी तसं वाटलं. मी म्हणालो, "हिस्सा त्याचाच राहील. मी सांभाळतो. पहिला नंबरही त्याचाच." बिस्किटं बुडवायचं त्या दिवशी कोणी नाव काढलं नाही. मी तुझ्या वतीनं जावई उचलला. पुढे अन्वरभाईंनी नेहमीसारखा बचाव उचलला, मी तो नवा मिडफिल्डर घेतला. तू सांगितलं होतंस म्हणून घेतला, मनातून नव्हे. पुढच्या फेऱ्यांत अन्वरभाईंना सायकल मिळाली. सायकल म्हणजे आपला तो तरणाबांड विंगर, वळताना घंटी वाजवल्यासारखा हात वर करतो तो. सगळं शहर म्हणतंय पुढची काही वर्षं त्याची.

आणि मग, यशवंत, मला तुझा कळवळा आला. सगळे घोटाळे मी अशाच कळवळ्यातून केलेत. मला वाटलं, तू नाहीस, पण तुझा संघ तरी मजबूत असावा. लोकांनी म्हणावं, यशवंतचा वाटा कसा झळकतोय. मी सहज टाकल्यासारखं म्हणालो, "अन्वरभाई, जावई घेता का? सायकल द्या."

अन्वरभाई माझ्याकडे बघत राहिले. "सोच लेव. बाद में मेरेकू मत बोलना."

"सोचना क्या है," मी म्हणालो, आणि हात पुढे केला. त्यांचा हात पडला. मी घरी येताना मुसीच्या पुलावर रिक्षात एकटा हसत होतो. बाकाला खिळलेला म्हातारा गोलकीपर देऊन शहरातला सगळ्यात वेगवान पोरगा आणला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी अदलाबदलीत जिंकलो होतो, आणि तेही तुझ्यासाठी. तुझ्या फोटोपुढे जाऊन सांगावं असं वाटलं. म्हणून विद्यानगरला तुझ्या घरी गेलो.

वहिनींनी चहा केला. प्राची ऑफिसातून आली, बॅग टाकली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "काका, लिस्ट बघितली मी. जावई रिटेन झाला. बाबा किती खूश झाले असते." मग खाली बसली. "काका, ऐका ना. बाबांचा हिस्सा मी चालवू का? मला सगळं नाही येत. पण मॅच बघते मी. जावई मात्र माझ्याकडे पाहिजे, बाकी कोणी द्या."

मी कप बशीत ठेवला. मी विचारलं, "जावईच का गं?"

ती म्हणाली, "तुम्हाला नाही सांगितलं बाबांनी? मॅचच्या आधी वॉर्मअप असतो ना. तेव्हा जावई मेन गोलकीपरला शॉट्स मारतो. बाबा मला लवकर घेऊन जायचे ते बघायला. तो मुद्दाम असे मारतो की दिसायला एकदम कठीण, पण गोलकीपरनं उडी मारली की मिळणार. एकेक करून. त्यानं त्या गोलकीपरला कॉन्फिडन्स येतो. बाबा म्हणायचे, 'हे बघ, हा काय करतोय ते कोणाच्या लक्षातच येत नाही.'"

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला वेगळंच सांगितलं होतं. म्हणायचे, टीव्हीवर कॅमेरा मधेच कधीतरी बाकाकडे जातो. तेवढ्यापुरती त्याची आई त्याला बघत असेल. कोणीतरी इथूनही बघावं."

तीनजणांना तू तीन कारणं सांगितलीस. मला तर दरवर्षी वेगळं. मी तिथे बसून तुझ्या फोटोकडे बघत होतो. त्या फोटोत तू, तुझ्या त्या परीक्षा विभागाच्या चेहऱ्यानं, कशाचाच पत्ता लागू देत नव्हतास. दवाखान्यात मला काय सांगणार होतास? यातलंच एखादं, की आणखी नवीन? माझी खात्री आहे की नवीन. पण ते काय, हे आता मला मिठाशिवायच्या त्या सूपाच्या डब्यापाशी सोडून द्यावं लागतं.

प्राचीला मी सांगितलं. जावई देऊन टाकला म्हणून. तिनं ओरडायला हवं होतं. ती चहाचा कप उचलून आत ठेवून आली. मग म्हणाली, "परत आणा."

"हातावर हात पडला की फिरत नाही गं."

"मग परत अदलाबदल करा. मी येते."

दुसऱ्या दिवशी मी आधी एकटा अन्वरभाईंकडे गेलो. म्हटलं मोठ्या माणसांनी आपसांत मिटवावं. दुकानात ते बिजागऱ्या मोजत होते. मी गयावया केली. सायकल परत घ्या, वर माझ्याकडचा एक बचावपटू घ्या.

"नक्को," ते म्हणाले.

"अन्वरभाई, तो बाकावर बसतो. तुम्ही त्याचं करणार काय?"

त्यांनी बिजागऱ्या बाजूला सारल्या. "मेरेकू यशवंत भाई का कुछ तो होना था," ते म्हणाले. "तेरे पास तो उसकी इतनी बातें हैं. उसके घर तेरा आना-जाना है. मेरे पास क्या है? तू हाथ आगे किया, मैं पकड़ लिया."

सौद्यात मी त्यांना फसवलं असं समजत होतो. त्यांनी आपला सगळ्यात चांगला खेळाडू जाणूनबुजून देऊन टाकला होता, कारण त्यांना तुझा माणूस हवा होता. तुझं दुःख करायचा मक्ता माझ्या एकट्याकडे नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

मग ते म्हणाले, "एक बात पूछूँ? वो पहला नंबर उस गोलकीपर पे काइकू गँवाता था, तेरेकू मालूम?"

मी म्हणालो तीन-चार कारणं मालूम आहेत, कुठलं पाहिजे.

"दूसरे नंबर पे मैं. मैं पहली बारी में डिफेंडर के सिवा कुछ लेता नहीं, सारा अफझलगंज जानता है. तीसरा तू. पहलावाला पैलवान को छोड़ दिया तो पैलवान किसके पास आएगा?"

मी बोटांवर नंबर मोजून बघितले.

"हर साल, मियाँ. और तू हर साल बोलता था, मैंने घुटने की अफवाह उड़ाई." अन्वरभाईंना हसू आवरेना. "मैं एक बार बोला उसकू, बता दे शेठ को. बोला, 'नक्को. उसे बोलने में बहोत मजा आता.'"

यशवंत, हे खरं की खोटं हे मला कळायचा मार्ग तू ठेवला नाहीस. अन्वरभाईंनाही तू काहीतरी सांगून ठेवलं असशील. पण मी दुकानात परत आलो आणि पैलवानाचे सगळे गोल एकेक करून आठवले. प्रत्येक गोलानंतर मी उठून तुझ्याकडे वळायचो, छातीवर हात आपटायचो, म्हणायचो, बघ, कोणाचा आहे. आणि तू टाळ्या वाजवायचास. तुझ्या स्वतःच्या वाट्याचा माणूस बाकावर पाण्याची बाटली धरून बसलेला, आणि तू माझ्या गोलाला टाळ्या वाजवायचास, अगदी डोक्यावर हात नेऊन. मी त्या टाळ्यांना हार समजायचो. तुझी हार.

आभार मानायची आपल्यात रीत नव्हती. मानले असते तर तू म्हणाला असतास, शेठ, तब्येत बरी आहे ना. तेव्हा तेही राहू दे. पण एवढं लिहितो की तो नवा मिडफिल्डर मी सरावाच्या सामन्यात बघितला, अन्वरभाईंबरोबर. आम्ही त्याचं नाव हेडमास्तर ठेवलंय. ताठ चालतो आणि सारखं दुसऱ्याला बोट दाखवतो, इकडे उभा राहा, तिकडे पळ. चेंडू त्याच्याकडे आला की सगळा संघ शाळा भरल्यासारखा जागेवर येतो. तू म्हणाला होतास सवय व्हायला हंगाम जाईल. मला अर्धा सामनाच पुरला. क्लबचा तो निर्णय बरोबर होता. तू बरोबर होतास. हे मी दोनदा लिहिलंय आणि दोनदा खोडलंय, आता ठेवतो.

रविवारी प्राचीला घेऊन इराणी हॉटेलात गेलो. रस्ताभर मी तिला धंद्याची तत्त्वं समजावत होतो. गरज दाखवायची नाही. हव्या त्या मालाकडे बघायचं नाही. आधी दुसऱ्याच मालाचा भाव विचारायचा. ती "सरे, सरे" म्हणत होती, तेलुगूतलं बरं बरं, जे ती फक्त ऐकत नसताना म्हणते.

बसल्या बसल्या ती अन्वरभाईंना म्हणाली, "अंकल, मुझे जावई चाहिए. बाबा का था. आप बताओ, क्या दूँ?"

मी डोक्याला हात लावला. आमच्या तीन पिढ्यांच्या बाजारात असा सौदा कोणी केला नसेल.

अन्वरभाईंनी तिच्याकडे बघितलं. मग बशी बघितली. मला वाटलं ते आता नुसता देऊन टाकतील, त्यांचे डोळे तसे झाले होते. पण यशवंत, अन्वरभाई ते अन्वरभाईच. आणि खरं सांगायचं तर फुकट दिला असता तर तिला तो आपला वाटला नसता, हे त्यांना माझ्याआधी कळलं. ते म्हणाले, "बेटा, सायकल तो वापस देना पड़ेगा. ऊपर से हेडमास्तर."

"हेडमास्तर कुणाकडे आहे?"

"इनके पास," अन्वरभाईंनी हनुवटी माझ्याकडे केली.

"डन," प्राची म्हणाली आणि हात पुढे केला. अन्वरभाईंचा हात तिच्या हातावर पडला. तुझा वाटा तिच्याकडे गेला, जावई तिच्याकडे गेला, आणि तू माझ्यासाठी निवडून ठेवलेला हेडमास्तर माझ्या डोळ्यांदेखत टेबलाच्या पलीकडे गेला. मी काही बोलायच्या आत.

"अगं, हेडमास्तर माझा आहे," मी म्हणालो. "मला विचारायचं तरी. मी त्यांना दुसरा कोणीतरी..."

प्राचीनं माझ्या दंडावर हात ठेवला, तू ठेवायचास तसा नव्हे, जरा जोरातच.

"काका, तुम्ही आता अजिबात बोलू नका. तुम्ही तोंड उघडलं की आपला एक माणूस जातो."